दोन वर्षं न झालेला मालकंस

परवा एका कार्यक्रमात एकाने व्हायोलिन वाजवलं आणि दुसऱ्याने लॅपटॉपवरून साथ केली. आमचे गाण्याच्या क्लासवाले मास्तर कट्ट्यावर आले तेच धुमसत.

"वाजवणाऱ्यापेक्षा त्या बटणवाल्यालाच टाळ्या! साधना कुठाय यात, साधना?"

मास्तरांच्या बोलण्यात 'साधना' दर तिसऱ्या वाक्याला येते. आम्ही मोजतो.

"मास्तर, तुमच्या क्लासात तंबोरा कोण छेडतं हो?" ताईने विचारलं. ताई म्हणजे आमची पेंटर.

मास्तर गप्प. खरा तंबोरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभा असतो आणि सूर मोबाइलमधून येतो, हे सगळ्यांना ठाऊक.

"ती सोय झाली. कला नव्हे."

"हां. म्हणजे तुम्ही केली की सोय, दुसऱ्याने केली की थोतांड."

बंड्याला चेव आला. "अहो, १९५७ सालीच इलिनॉय विद्यापीठातल्या कॉम्प्युटरने स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचं संगीत, रचलंय!"

"नियम कुणी घालून दिले?"

"दोघांनी. हिलर आणि आयझॅक्सन."

"आणि वाजवलं?"

"चार... माणसांनी."

"मग अर्धंच का सांगतोस?" ताई म्हणाली. "मास्तरांना फक्त माणूस दिसतो, तुला फक्त मशीन."

मी मध्येच अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं 'डिफरंट ट्रेन्स' काढलं. १९८८ ची रचना. टेपवर माणसं बोलतायत, त्यांच्या बोलण्यातले चढउतार त्याने तंतुवाद्यांसाठी स्वरांत लिहून घेतले. बाई बोलली की तिची लय व्हायोला उचलतो, पुरुष बोलला की चेलो. ध्वनिमुद्रण नसतं तर ती चाल कानाला सापडली असती का? प्रश्न चांगला होता, पण कुणी ऐकला नाही. बंड्या आणि मास्तर एकमेकांच्या शाळेतल्या मार्कांवर घसरले होते.

ताईने व्हेरा मोल्नारचं सांगितलं तेव्हा मात्र दोघेही थांबले. १९६८ मध्ये कॉम्प्युटर हाती यायच्या आधी कित्येक वर्षं ही बाई स्वतःला नियम घालून, एकेक पायरी हातानेच चालवत चित्रं काढत होती. 'काल्पनिक यंत्र' म्हणायची त्याला. "मशीन नव्हतं तर बाई स्वतःच मशीन झाली. बोला मास्तर, ही साधना धरायची की नाही?"

"धरायची साधना," मास्तर पुटपुटले. (अकरा.)

"तुझ्या प्लॉटरचं सांग ना," बंड्याने खोडी काढली.

ते दुखणं जुनं. ताईने पेन प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेन फिरवणाऱ्या यंत्रावर, रेघा मारून वर हाताने जलरंग द्यायचे ठरवले. रेघ सुरू होते तिथे पेन क्षणभर टेकून राहतं, तेवढ्यात कागद शाई पितो आणि मोहरीएवढा ठिपका उमटतो. ते थांबणं कमी करण्यात तिचे तीन रविवार गेले. मग पहिला ओला कुंचला फिरवला आणि सगळ्या रेघा जांभळ्या होऊन पसरल्या. शाई वॉटरप्रूफ नव्हती. शाई बंड्याने आणली होती.

"चित्र झकास दिसत होतं पण!"

"दिसत होतंच. म्हणून तर पुढची चार त्याच शाईने केली. पण तुला माफी नाही. माझा सेबलचा कुंचला कीबोर्ड झाडायला नेलास तो आधी आण."

हॅरल्ड कोहेन या चित्रकाराने ॲरन नावाच्या प्रोग्रॅमकडून रेघा काढून घेऊन रंग स्वतः भरले, हे बंड्याने कुंचल्यावरून लक्ष उडवायला सांगितलं. उडालं नाही.

तेवढ्यात मास्तर हळूच बंड्याकडे सरकले. "ते तंबोऱ्याचं ॲप... त्यात पंचमाच्या जागी मध्यम लावता येतो का रे?"

"येतो की. सेटिंगमध्ये आहे."

ताईने डोळे बारीक केले. "मास्तर, मालकंस रागात पंचम नसतो. दोन वर्षं क्लासात तो नाही झाला, तो यामुळे?"

"पोरांची अजून तेवढी साधना—"

बारा!