डबल अँगल आणि चौथी सीट

"बाबा, तुला जमेल का हे?" लेकीचा मेसेज आणि खाली वहीचा फोटो. लेक अकरावी सायन्सला. त्यातलं 'जमेल का' मला अजून टोचतंय. चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय मी, भाजी निवडत नव्हतो.

गणित असं: √(२ + √(२ + २ कॉस ४थीटा)) = २ कॉस थीटा, सिद्ध करा. मुळाच्या पोटात मूळ. आणि मी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, तिसऱ्या सीटवर.

आता डबल अँगलमध्ये, म्हणजे दुप्पट कोनाच्या सूत्रांत, साइन २थीटा तसा सरळमार्गी गडी. २ साइन कॉस, विषय संपला. कॉस २थीटा मात्र लग्नघरातल्या आत्याबाईंसारखा, दर विधीला वेगळी साडी. कधी कॉस वर्ग वजा साइन वर्ग, कधी २ कॉस वर्ग वजा १, कधी १ वजा २ साइन वर्ग. कुठलं रूप कधी घ्यायचं, हे कळलं की गणित सुटलं. मी मधलं घेणारच होतो. खरंच घेणार होतो.

"१ घालवा."

ठाण्याला चढून चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकाच्या टोकाला, टेकलेले काका. टेकलेले म्हणजे निम्मे. उरलेले निम्मे माझ्या मोबाइलमध्ये.

"काय?"

"अहो, २ कॉमन काढा. १ अधिक कॉस ४थीटा राहिलं ना? तो १ घालवायचा. २ कॉस वर्ग २थीटा लिहा. हे बघा..." म्हणत त्यांनी बोट थेट स्क्रीनवर ठेवलं. फोटो सरकला आणि पुढचा आला. माझा रक्ताचा रिपोर्ट.

काकांनी तोही वाचला. चष्मा कपाळावर चढवून, सावकाश.

"जेवणानंतरची २१० आहे तुमची."

"काका, तो फोटो..."

"आधी कॉमन काढा. मग भात बंद करा."

खिडकीतल्या माणसाने कानातून इअरफोन काढला. समोरचे दोघे माझ्या पोटाकडे बघू लागले. काकांनी मात्र गणित सोडलं नाही. "मूळ काढलं, आलं २ कॉस २थीटा. परत तेच करा. परत २ कॉमन, परत १ घालवा. २ कॉस थीटा! शिक्षण काय तुमचं?"

"इंजिनिअर."

"अस्सं," काका म्हणाले. या 'अस्सं'मध्ये माझं अख्खं कॉलेज मावलं.

खरं तर ही कोन अर्धा करण्याची विद्या आपल्याकडे जुनी. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात २४ ज्यांचं, म्हणजे आजच्या साइनचं, कोष्टक आहे, पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतरावर. ३० चे १५, १५ चे साडेसात, साडेसातचे पावणेचार. अर्ध्या कोनाचं सूत्र हाताशी असलं की कोष्टक भरत जातं. वराहमिहिराने ते सूत्र दिलंय. त्यांना ग्रहांची गणितं करायची होती हो. लोकलमध्ये दुसऱ्याची शुगर वाचायची नव्हती.

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, थीटा ६० घ्या."

"कशाला?"

"घ्या तर. कॉस २४० म्हणजे वजा अर्धा. आतल्या मुळात २ वजा १, म्हणजे १. त्याचं मूळ १. बाहेर २ अधिक १, म्हणजे ३. डावीकडे √३ आलं. उजवीकडे २ कॉस ६०, म्हणजे १. तुमच्या हिशेबाने √३ बरोबर १."

वर्गाचं मूळ काढलं की मॉड्युलस लावायचा असतो, म्हणजे वजा चिन्ह सोडून नुसती किंमत घ्यायची. कॉस २थीटा म्हणजे इथे कॉस १२०, तो ऋण आहे, तसाच बाहेर कसा येईल? थीटा शून्य ते ४५ अंशांत आहे, अशी अट गणितातच हवी होती. ती ना फोटोत होती, ना काकांच्या डोक्यात.

काका गप्प झाले. मुलुंड गेलं, भांडुप गेलं. मला वाटलं, जिंकलो. घाटकोपरला उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परीक्षेत असं कोणी विचारत नाही."

आणि राग याचा येतो की ते खरं आहे. सीईटीला दीड तासात ५० गणितं. तिथे मॉड्युलसचा विचार करत बसणारं पोर मागे पडतं. क्लासची हजारोंची फी भरून आपण त्यांना भराभर १ घालवायलाच शिकवतो.

तरी मी लेकीला सगळं सविस्तर टाइप केलं. अट, मॉड्युलस, ६० अंश. ऑफिसात पोचेपर्यंत उत्तर आलं: "बाबा, मी थीटा शून्य टाकून बघितलं. दोन्हीकडे २ येतंय. गणित बरोबर आहे, तू नको टेन्शन घेऊस."