हरलेल्या सेनापतीला मान देतं कोण?

वडगाव मावळला एका इंग्रज कॅप्टनची समाधी आहे. जेम्स स्टुअर्ट त्याचं नाव. आपल्या लोकांनी त्याचा ‘इष्टुर फाकडा’ केला आणि तो तसाच राहिला. रघुनाथरावाला पेशवाईवर बसवायला मुंबईहून निघालेल्या फौजेत तो होता. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मराठ्यांच्या माऱ्यात पडला. थोडक्यात, पुण्यावर चालून आलेला माणूस. आणि आजही तिथे माणसं हात जोडतात.

आता त्याच फौजेचे मुख्य कोण होते ते आठवून बघा. कर्नल एजर्टन, तो आजारी पडल्यावर कॉकबर्न, आणि डोक्यावर मुंबई कौन्सिलचा कारनॅक. इतिहासाच्या विद्यार्थ्यांखेरीज यातलं एकही नाव कुणाला सांगता येणार नाही. बैलांचा प्रचंड तांडा सोबत घेऊन ही जेमतेम चार हजारांची फौज दिवसाला कोसभर सरकत होती. तळेगावला पोचली तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून ठेवलेलं. दाणा नाही, वैरण नाही. मग एका रात्री जड तोफा तळ्यात ढकलून माघार घेतली, वडगावात महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडले आणि तह करून सुटले. वर तो तह कंपनीने मागाहून मानलाच नाही!

तर एकाच पराभवातून एकाला समाधी मिळाली आणि बाकीच्यांना विस्मृती. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या टेकडीवरच्या सकाळच्या मंडळींत परवा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल याच्यावरून जुंपली. एक काका (बँकेतून निवृत्त, युद्धाच्या पुस्तकांचं कपाट भरलेलं) म्हणाले, “शौर्याला देश नसतो रे, शत्रूसुद्धा मान देतो.” ऐकायला छान आहे. पण मग हा मान इतका निवडून निवडून का मिळतो? शौर्य तर दत्ताजी शिंद्यांनीही दाखवलं होतं, आणि बुराडी घाटावर त्यांचं मस्तक कापून नेलं. इब्राहिमखान गारदी पानिपतावर शेवटपर्यंत लढला, जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. ‘मरणांतानि वैराणि’ आपण सगळेच म्हणतो, पण शत्रूने ते पाळलेलं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

माझं म्हणणं असं की हरलेल्याला मिळणाऱ्या मानाचा हिशेब आधी मान देणाऱ्याच्या बाजूने मांडावा. त्याला त्यातून काय मिळालं?

रोमेलचंच घ्या. जानेवारी १९४२ मध्ये चर्चिलने भर पार्लमेंटात त्याला धाडसी, कुशल प्रतिस्पर्धी म्हटलं, थोर सेनापती म्हटलं. तेव्हा युद्ध चालू होतं आणि आफ्रिकेत इंग्रज मार खात होते. आता आपण हरतोय ते साध्या माणसाकडून, हे कुठला पंतप्रधान सांगेल? शत्रू जितका मोठा, तितकी आपली हार सुसह्य, आणि पुढे त्याला हरवलं की विजय दुप्पट उंचीचा. प्रत्यक्ष रणांगणावरच्या ब्रिटिश सेनापती ऑचिनलेकला मात्र वेगळीच काळजी होती. आपले सैनिक रोमेलला जादूगार समजायला लागलेत, हे थांबवा, असा हुकूम त्याला आपल्या अधिकाऱ्यांना काढावा लागला.

युद्धानंतर गरज बदलली. रशियासमोर पश्चिम जर्मनीची फौज उभी करायची होती. १९५५ मध्ये ती उभी राहिलीही. त्या फौजेला एखादा स्वच्छ पूर्वज हवा होता. रोमेल सोयीचा होता. रशियाच्या आघाडीवर तो कधी लढला नव्हता, आणि १९४४ मध्ये हिटलरने त्याला विष घ्यायला लावलं होतं. आधीची कितीतरी वर्षं तो हिटलरच्या मर्जीतला होता, हे मग कोण कशाला उगाळतंय? बराकींना त्याचं नाव लागलं.

यातला एक धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतलं टोब्रुक पडलं तेव्हा कैद झालेल्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतली पोरं रोमेलच्या कैदेत गेली. चर्चिलने स्तुती केली, पुस्तकं निघाली, काकांचं कपाट भरलं; त्या पोरांना रोमेलबद्दल काय वाटलं, हे विचारायला कुणी गेल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या जनरल लीचं प्रकरण याहून उघड आहे. एप्रिल १८६५ मध्ये तो उत्तरेच्या ग्रँटला शरण आला, आणि युद्ध जिंकणाऱ्या उत्तरेतही हळूहळू ‘सभ्य योद्धा’ झाला. दोन्हीकडच्या गोऱ्यांना समेट हवा होता. ज्यांना गुलाम ठेवण्यासाठी दक्षिण लढली, ती काळी माणसं या समेटाच्या बैठकीत नव्हतीच. रिचमंडमधला त्याचा भला थोरला पुतळा १८९० मध्ये बसला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उतरला. ज्यांना त्या मानाची किंमत मोजावी लागली, त्यांच्या बोलण्याला वजन यायला एवढा काळ लागला.

म्हणजे सगळंच ढोंग? नाही, आणि इथे मी काकांच्या अर्ध्या बाजूला आहे. काही वेळा मान देणाऱ्याचा फायदा शोधूनही सापडत नाही.

डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. याच लढाईत पूना हॉर्सचा अरुण खेत्रपाल गेला. खडकवासल्याला एनडीएची पोरं ज्या मैदानावर पासिंग आउट करतात, त्याला त्याचंच नाव आहे. त्याच लढाईत जरपालला पाकिस्तानच्या लेफ्टनंट कर्नल अक्रम राजाने प्रतिहल्ला चढवला आणि तो स्वतः पुढे राहून मेला. समोर आपली ३ ग्रेनेडियर्स ही पलटण होती. तिचे कमांडर वेद प्रकाश ऐरी यांनी त्याच्या शौर्याबद्दल लिहून दिलं, आणि पाकिस्तानने त्याला हिलाल-ए-जुर्रत हे शौर्यपदक दिलं. कारगिलमध्ये हेच पुन्हा घडलं. टायगर हिलवर पडलेल्या पाकिस्तानच्या कॅप्टन कर्नल शेर खानच्या खिशात आपल्या ब्रिगेडियर बाजवा यांनी त्याच्या शौर्याबद्दलची चिठ्ठी ठेवून मृतदेह परत पाठवला. त्याला निशान-ए-हैदर हे पाकिस्तानचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. (‘कर्नल’ हे त्याचं नावच होतं; दरवेळी कुणीतरी हुद्दा दुरुस्त करायला येतं म्हणून आधीच सांगतो.)

ऐरींना किंवा बाजवांना त्यातून काय मिळणार होतं? ज्यांनी नुकतीच आपली माणसं मारली, त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं, तेही आपली प्रेतं अजून उचलली जात असताना. असा मान मी डोळे मिटून खरा मानतो. पुढे वीस वर्षांनी राजधानीत बसून कुणी दिलेल्या मानाला मात्र मी आधी पावती मागतो.

आणि नियाझी? तोही डिसेंबर १९७१ मधलाच, पूर्व पाकिस्तानात हरलेला पाकिस्तानी सेनापती. ढाक्यात ९३ हजारांसह शरण आला, त्याला कैदेत नीट वागवलं गेलं, पण कुणाच्या मनात त्याच्याबद्दल आदर उरला नाही. याचं कारण केवळ शरणागती असतं तर सोपं होतं. पठ्ठा हरला, विषय संपला. पण त्याच्या फौजेने पूर्व बंगालमध्ये माणसांचं जे केलं, ते सांगायला माणसं जिवंत होती, त्यांना स्वतःचा देश मिळाला होता, आणि ती बोलत होती. लीच्या बाबतीत अशी माणसं गप्प बसवलेली होती. रोमेलच्या बाबतीत ती दूर कुठेतरी सातारा-कोल्हापुरात शेत नांगरत होती.

काकांना हे सगळं टेकडी उतरता उतरता सांगितलं. ते म्हणाले, “तू फार संशयी आहेस.” असेन. पण रोमेलवरचं पुढचं पुस्तक आणलंत की टोब्रुकच्या प्रकरणात मराठा पलटणीला किती ओळी मिळाल्यात तेवढं बघून सांगा, असं म्हटलंय.