देव थ्रेशर घेऊन आला होता

आज सकाळी पारावर चहा पिता पिता डोकंच सटकलं. शेजारच्या काकांची कापून रचलेली सोयाबीनची गंजी परवा रात्री पावसाच्या तोंडातून निघाली. कोणीतरी विचारलं, जमलं कसं? काकांनी हात जोडले. "आपलं कोनी नाही बाप्पा. देवच धावून आला."

आला ना. वाद नाही. पण येताना थ्रेशर, म्हणजे मळणीचं यंत्र, घेऊन आला होता, आणि त्या थ्रेशरवाल्याचं नाव काकांच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

ज्यांनी गंजी लावली आहे त्यांना सांगायला नको. ही गंजी खोलगट जागेत, भोवती चर नाही, बुडाचा थर आधीच्या सरीनं ओला. वरून ताडपत्री गच्च आवळलेली. ओल्या गंजीवर असं झाकण बसलं की ती आतून तापते, हात घातला तर वाफ लागते. मग शेंगेला बुरशी, दाणा काळा, आणि बाजारात १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव पाडायला व्यापारी टपलेलाच. आणखी एक पाऊस झाला असता तर संपलं होतं.

आता थ्रेशरवाल्याचं ऐका. तो पैसे घेतो, हो, फुकट नाही आला. पण कशाचे घेतो? पोत्यामागे. कोरड्या गंजीत पोती भराभर पडतात. ओलसर काडाची दोरी होते, ती ड्रमच्या शाफ्टला गुंडाळते, मशीन चोंदते. दर थोड्या वेळानं ट्रॅक्टर बंद करा, झाकण उघडा, विळ्यानं काड कापून काढा. डिझेल जास्त, पोती कमी. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच गंजीवर याचं नुकसान. हे त्याला येण्याआधीच माहीत होतं. तरी आला.

त्यातून काकांना बियाणं ठेवायचं होतं. सोयाबीनचं साल पातळ, कोंब अगदी सालाखाली. ड्रम जोरात फिरवला तर दाणा वरून साबूत दिसतो आणि पेरल्यावर दगा देतो. उगवण ७० टक्क्यांच्या खाली गेली की ते बियाणं नाही, तेलाचा माल. म्हणून त्यानं ड्रमचे फेरे मिनिटाला चारशेच्या आसपास ठेवले. हळू चालवलं की चोंदणं आणखी वाढतं. जोरात हाणून दोन तासांत मोकळा झाला असता, अंधारात काकांना कळलंही नसतं.

आणि मळणीचा नंबर काकांचा नव्हताच! ज्याचा होता त्यानं "माही गंजी बरडावर हाय, झाकेल हाय, पह्यले त्याइची काढा" म्हणून सोडला. हा माणूस तर पारावरच्या गोष्टीत कुठेच नाही.

आपल्याकडे देव कामाला कसा येतो? जनीच्या जात्याला हात लावायला. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरायला. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन पैसे चुकते करायला. कामकऱ्याच्या वेशातच येतो. मग समोर कुटारानं, मळणीच्या भुशानं, माखलेला, डोळे लाल झालेला माणूस उभा असताना आपण वर आभाळाकडे काय पाहतो? गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग भाकरीचं बोलायचे. त्याच अमरावतीच्या शेजारचे आपण.

"देवानं केलं" म्हटलं की माणसाचं देणं फिटतं, अशी सोय करून ठेवलीय आपण. राग त्याचाच येतो.

जाऊ द्या. काकाही वाईट नाहीत. दोन वर्षं पीक हातचं गेलं की माणूस असं बोलतो, हे कळतं मला. आणि त्यांच्या घरात हे कळणारं माणूस आहेच. रास पडल्यावर बुढीनं नारळ फोडला, कुंकवाचं बोट आधी थ्रेशरच्या तोंडाला लावलं, मग राशीला. तेच बोट तिनं त्या थ्रेशरवाल्या पोराच्या कपाळाला लावलं. घाम आणि धुळीत कुंकू बसेना, तर पदरानं कपाळ पुसून पुन्हा लावलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खाय रे माया देवा." तो लाजून हसला आणि पुन्हा मशीनखाली शिरला, कारण पंख्याचा पट्टा घसरत होता आणि दाण्यात कुटार यायला लागलं होतं. जवळचा शेवटचा नवा पट्टा त्यानं तिथंच चढवला. त्याचे पैसे लावले नाहीत.

काका फेसबुकवर नाहीत, त्यांचा पोरगा आहे. बाळा, वाचत असशील तर, पट्ट्याचा नंबर बी ७२. उद्या बाजाराला चाललाच आहेस, दोन घेऊन ये. आणि बियाण्याची पोती ओसरीत एकावर एक रचून ठेवलीस ना, ती आज उन्हात पसर. आत अजून ओल आहे.