नॅनीचा पगार आणि टॅक्सची सूट

2025 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने घरकामगारांसाठी कायद्याचं काहीतरी बघा असं केंद्राला सांगितलं, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर हा विषय अधूनमधून पेटतोच. आणि दर वेळी कोणीतरी मला त्यात ओढतं, तुमच्या अमेरिकेत बरंय बाई, मूल सांभाळायचे पैसे पण सरकार देतं. नाही हो देत.

इथे ऑफिसमधून मूल सांभाळायच्या खर्चासाठी डिपेंडंट केअर एफएसए नावाचं एक खातं मिळतं. वर्षाच्या शेवटी ओपन एनरोलमेंटला, म्हणजे पुढच्या वर्षीच्या सोयी निवडायच्या मुदतीत, आकडा टाकायचा, तेवढे पैसे पुढच्या वर्षी पगारातून टॅक्स न लागता बाजूला पडतात, मग आधी खिशातून खर्च करा, पावती चढवा आणि आपलेच पैसे परत मागा. उरले तर बुडाले. लिमिट घरटी 5,000 डॉलर, 1986 पासून तेच, मधलं 2021 सोडलं तर, आणि आता 2026 पासून कुठे 7,500 झालंय. डेकेअर असेल तर सगळं सुरळीत, ते छापील पावती देतात. नॅनी, म्हणजे घरी येऊन मूल सांभाळणारी बाई, असली की खरी गंमत.

कारण ही सूट घेतली की टॅक्स भरताना फॉर्म 2441 वर मूल सांभाळणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर लिहायचा असतो. तिथे नंबर लिहिला म्हणजे तुम्ही मालक आहात हे स्वतःच लिहून दिलंत. 2025 ला वर्षाचा पगार 2,800 डॉलरला पोचला की सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) यांचे 7.65 टक्के तुमचे, तेवढेच तिच्या पगारातून, शिवाय शेड्यूल एच आणि डब्ल्यू-2 हे टॅक्सचे फॉर्म, बेकारी विमा, आणि न्यू जर्सीत 2024 पासून लेखी करारसुद्धा.

आमच्याकडे येणाऱ्या गुजराती बेन, ग्रीन कार्डवाल्या, लपवायचं काहीच नाही, तरी नंबर मागितला तर लेकीला खिचडी भरवता भरवता म्हणाल्या, "बेटा, चोपडे पे मत चढाओ, कॅश में रखो." हातात कमी पगार येईल हे एक, आणि कागदावर कमाई दिसली की नवऱ्याचं मेडिकेड, म्हणजे कमी कमाईवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, जाईल ही खरी भीती. आता यात त्यांचं काय चुकलं सांगा.

आणि हिशोब बघा. तासाला 20 डॉलरने आठवड्याचे 40 तास धरले तर वर्षाचे 41,600, त्यावर मालकाचे 7.65 टक्के म्हणजे जवळपास 3,180 डॉलर. 22 टक्केवाल्या स्लॅबमध्ये 5,000 च्या एफएसएतून, आपल्या पगारातले 7.65 टक्के वाचतात तेही धरून, वाचतात साधारण 1,480, नव्या 7,500 चे धरले तरी 2,200 च्या आसपास. म्हणजे सूट घ्यायला गेलं तर खर्चच वाढतो, मग कोण कशाला घेईल? आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ओळखीतले कित्येक लोक सूट सोडून कॅश देतात, आणि तेच लोक सुट्टीत पुण्याला गेले की वहिनीला ऐकवतात की तुम्ही बायकांना राबवून घेता. 1993 मध्ये झोई बेअर्ड बाईंचं क्लिंटनच्या अ‍ॅटर्नी जनरलपदासाठीचं (म्हणजे इथल्या कायदामंत्रीपदासाठीचं) नाव याच भानगडीत मागे घ्यावं लागलं होतं, कागदपत्रं नसलेली नॅनी ठेवली आणि तिचा सोशल सिक्युरिटी टॅक्स भरला नव्हता म्हणून, पण मंत्री व्हायचं नसेल तर विचारतो कोण.

बेन शेवटी तयार झाल्या ते माझ्या टॅक्सकडे बघून नाही. इथे पेन्शनला साधारण 10 वर्षांची नोंद लागते, त्यांची जुन्या नोकरीतली काही वर्षं जमा होती, ती फुकट जातील हे त्यांच्या सुनेने समजावलं. अट एकच, त्यांचे 7.65 पण आम्हीच भरायचे, आणि ते आम्ही भरतो. चालतं तसं.

म्हणून माझं मत असं की आपल्याकडे उद्या असं काही आणलंच तर सूट मूल सांभाळायच्या खर्चावर देऊ नका, बाईच्या नावाने जो हप्ता भराल त्यावर द्या, आणि तो हप्ता फेडून थोडं वर उरेल एवढी द्या, नाहीतर इथल्यासारखं मालक आणि बाई दोघं मिळून कॅशवरच राजी होतील. आणि कायदा येईल तेव्हा येईल, महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आहेच की. तिथे नाव नोंदवायला मालकाचा दाखला लागतो, मालकाला एक पैसा द्यावा लागत नाही, नुसती सही. ग्रुपवर ढीगभर मेसेज पडलेत, आमच्या मावशींना दाखला दिला असा एकही मला दिसला नाही.