बोलीतला अर्थ कोण नोंदवणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयांवरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जून २०२५ रोजी ते निर्णय मागे घेतले गेले. या सगळ्या काळात मराठीचा मान, मराठीचे वय आणि मराठीवरचे आक्रमण यांबद्दल पुष्कळ बोलले गेले; परंतु मराठी शब्दाला अर्थ कुठून येतो आणि तो सांगण्याचा अधिकार कोणाला, याबद्दल फारच थोडे. मी मोर्शी तालुक्यातल्या कापूस-संत्र्याच्या गावचा आहे आणि बरीच वर्षे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतो. दोन्हीकडचे पाहिल्यावर मला हाच प्रश्न मुळाचा वाटतो.

गावाकडच्या माणसांशी या विषयावर बोलताना दोन मते ऐकू येतात. पहिले मत पालकांचे: पोराने 'मले', 'तुले', 'केय', 'जाऊन राह्यलो' हे सोडावे आणि शुद्ध बोलावे, नाहीतर पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत त्याला हसतील. ही काळजी खोटी नाही. वऱ्हाडी माणूस रंगमंचावर किंवा पडद्यावर दिसला की तो हसवण्यासाठीच आला आहे, असे प्रेक्षक अजूनही धरून चालतात. दुसरे मत शिकलेल्या तरुणांचे: प्रमाण मराठी ही मूठभरांची मक्तेदारी आहे, ती झुगारून द्यावी. दोन्ही मते एकमेकांविरुद्ध उभी असली तरी बोली म्हणजे उच्चार आणि प्रत्यय, इतकेच दोघांनीही गृहीत धरलेले असते. मराठी लेखनाचे १९६२ सालचे चौदा आणि १९७२ सालचे चार असे जे अठरा नियम आपण शाळेत शिकलो, ते ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांबद्दलचे आहेत. त्यांनी कोणत्याही शब्दाला हद्दपार केलेले नाही. तरीही 'शुद्ध' या एका विशेषणाखाली लेखनाचा नियम आणि माणसाचा शब्द यांची आपण सरमिसळ करून टाकली आहे.

संत्र्याच्या बागेतला 'ताण' घ्या. शहरात ताण मनावर येतो आणि तो वाईट असतो. आमच्याकडे तो झाडाला द्यावा लागतो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात, पाने मलूल होऊ देतात, आणि मग बेताने पाणी देऊन 'ताण तोडतात', तेव्हा झाडावर फूल फुटते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. अवकाळी पाऊस आला तर 'ताण बसलाच नाही' असे म्हणतात आणि त्या एका वाक्यात वर्षाचा हिशेब असतो. या शब्दाच्या अर्थात जमीन, ऋतू, झाडाची प्रकृती आणि माणसाचे धैर्य एवढे सगळे सामावलेले आहे. तो कळतो तो बागेत उभे राहून, दुसऱ्याने तो कोणत्या वाक्यात वापरला हे ऐकून. पाणी नसल्यामुळे झाडाला फूल आले, असे त्या घरातल्या मुलाने निबंधात लिहिले तर ते चुकीचे ठरवण्याआधी शिक्षकांना बाग माहीत असायला हवी.

आपल्या काव्यशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती समजावताना 'गंगायां घोषः' हे उदाहरण देतात. गंगेवर गवळ्यांची वाडी आहे, याचा वाच्यार्थ जुळत नाही म्हणून 'गंगेच्या काठावर' हा अर्थ लक्षणेने घ्यायचा, आणि तिथला गारवा व पावित्र्य व्यंजनेने उमगते. पण हा गारवा उमगायला ऐकणाऱ्याच्या मनात ती नदी असावी लागते. तीच गोष्ट 'उलंगवाडी'ची. कापसाचा हंगाम संपून पऱ्हाटी उपटली जाते, वावरात ढोरे सोडली जातात, ती उलंगवाडी. आमच्या गावात लग्नघरचा मांडव उतरल्यावरही हा शब्द कानावर येतो, आणि तेव्हा त्यातला रितेपणा ज्याने उपटलेले वावर पाहिले आहे त्यालाच पुरता पोचतो. 'फरदड'चा प्रवास उलट्या दिशेचा आहे. हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून, पाणी देऊन जास्तीची वेचणी घ्यायची, ती फरदड. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार उडवला, त्यानंतर 'फरदड घेऊ नका' हे कृषी खात्याच्या सूचनांमध्ये ठळकपणे येऊ लागले, कारण उभ्या पऱ्हाटीवर अळीचा जीवनक्रम चालू राहतो. इथे शासनाला गावाचाच शब्द घ्यावा लागला. तेवढा नेमका दुसरा नव्हता.

साहित्यातही हेच घडते. उद्धव शेळके यांच्या 'धग' या १९६० सालच्या कादंबरीत कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसे वऱ्हाडीत बोलतात, आणि विदर्भाबाहेरच्या वाचकाला पहिली काही पाने अडखळत वाचावी लागतात. पुढे शब्दार्थाची यादी न पाहताही ते शब्द कळू लागतात, कारण तिच्या संसाराची ओढाताण वाचकाला त्यांचा अर्थ शिकवते. तेच संवाद प्रमाण मराठीत बदलून वाचावेत. कथानक शाबूत राहते, कौतिक मात्र राहत नाही. आणि ज्या रिद्धपूरला विद्यापीठ आले, तिथेच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून, एकेकाला विचारून, त्यांनी आठवणी गोळा केल्या. कोण बोलले, कुठे बोलले आणि कोणत्या प्रसंगी, हे त्यांनी सोडले नाही. शब्दाचा अर्थ नोंदवण्याची यापेक्षा सरस रीत मला माहीत नाही.

नॉर्वेत ही रीत राष्ट्राचे काम म्हणून राबवली गेली. ईव्हार ओसेन हा शेतकऱ्याचा मुलगा १८४२ पासून चार वर्षे गावोगाव हिंडला, लोकांच्या तोंडचे शब्द त्याने टिपले, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये कोश प्रसिद्ध केला. १८७८ मध्ये तिथल्या संसदेने ठरवले की शाळेतले तोंडी शिक्षण शक्यतो मुलांच्या स्वतःच्या बोलीत असावे. पुढे शिक्षणाच्या कायद्यात, वर्गात कोणती बोली बोलायची हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे, असे आले. मुले लिहायला प्रमाण रूपच शिकतात, परंतु शिक्षक त्यांचे बोलणे सुधारत नाहीत. संसदेत सदस्य आपापल्या खोऱ्याच्या बोलीत भाषण करतात आणि त्यांना कोणी हसत नाही. बोलींचा बारा खंडांचा मोठा कोश १९३० मध्ये हाती घेतला गेला तो २०१६ मध्ये पुरा झाला. शब्द कोणत्या भागात कोणत्या अर्थाने चालतो, हे त्यात नोंदले आहे. प्रमाण भाषा आणि बोली यांपैकी एकीला मारल्याशिवाय दुसरी जगत नाही, हे आपल्याकडचे गृहीतक तिथे रोजच्या व्यवहारात खोटे ठरते.

अर्थात नॉर्वेची लोकसंख्या साठ लाखांच्याही आत आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या आमच्या गुरुजींची अडचण तिथल्या शिक्षकाला नाही. शिवाय ज्या देशाने शेतकऱ्याच्या बोलीला शाळेत मान दिला, त्याच देशाने त्याच काळात उत्तरेकडच्या सामी या आदिवासी समाजातल्या मुलांची भाषा शाळेतून पुसून टाकण्याचे धोरण राबवले. त्याबद्दल संसदेने माफी मागितली ती २०२४ मध्ये. बोलीच्या अभिमानातून शेजाऱ्याच्या भाषेबद्दल न्याय आपोआप येत नाही, हे यातून दिसते.

म्हणून रिद्धपूरच्या विद्यापीठाकडे माझी मागणी साधी आहे. पदव्या आणि परिसंवाद होतीलच. त्यांच्या आधी विदर्भातल्या बोलींचा कोश हाती घ्यावा. पश्चिमेला वऱ्हाडी, पूर्वेला झाडी. प्रत्येक शब्दापुढे गाव, काम आणि बोलणाऱ्याचे पूर्ण वाक्य असावे. डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, करणारी माणसे, निंदणाला जाणाऱ्या बाया आणि बैलांची ढेप-सरकी आठवणारे म्हातारे अजून आहेत. ट्रॅक्टर आणि तणनाशक आल्यावर त्या कामांचे शब्द फार काळ तोंडात राहणार नाहीत. शाळेतल्या मुलांनाच घरच्या माणसांकडून वाक्ये लिहून आणायला सांगावे. आणि मेळघाटात हे काम मराठीपासून सुरू करू नये. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत जे मूल पहिल्या दिवशी येते, त्याच्यासाठी वऱ्हाडी ही तितकीच परकी असते जितकी पुण्याची मराठी. तिथे आधी कोरकू वाक्य लिहून घ्यावे, देवनागरीतच, आणि त्याचा अर्थ त्या मुलाच्या आईला विचारावा.