मेलबर्नमध्ये पहिलं घर: आधी कामाची जागा, मग ट्रेनची लाइन, सबर्ब सगळ्यात शेवटी

मेलबर्नला येऊ घातलेल्या मराठी मंडळींना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. भारतातून निघण्याआधी सबर्ब, म्हणजे राहायचं उपनगर, ठरवू नका. होतं नेमकं तेच. कुणीतरी सांगतं, "टार्नीटला या, आपली खूप माणसं आहेत, चार बेडरूमचं घर स्वस्तात मिळतं," आणि नोकरीचा पत्ता नसताना बारा महिन्यांच्या लीजवर सही होते. मग नोकरी लागते मलग्रेव्हला. टार्नीट शहराच्या पश्चिमेला, मलग्रेव्ह आग्नेयेला. रोज ऐन गर्दीत वेस्ट गेट पूल ओलांडायचा आणि पुढे मोनॅश फ्रीवेला लागायचं. घर चांगलं असतं, शेजार चांगला असतो, पण माणूस घरी असतोच किती वेळ?

त्याआधी व्हिसा बघा. ४९१ हा तात्पुरता रीजनल व्हिसा असेल तर हा प्रश्नच वेगळा आहे. त्या व्हिसावर राहणं, नोकरी आणि शिक्षण तिन्ही सरकारनं ठरवून दिलेल्या रीजनल भागात असावं लागतं आणि मेलबर्न महानगर त्यात धरत नाहीत. जिलाँग धरतात. हद्द पोस्टकोडवरून ठरते, यादी गृह खात्याच्या वेबसाइटवर आहे. शहराच्या कडेला घर बघताना "हे तर जवळजवळ गावच आहे" या समजुतीवर जाऊ नका. सही करण्याआधी तो चार आकडी पोस्टकोड यादीत शोधा.

आता कामाची जागा. इथे "मेलबर्नमध्ये नोकरी" या शब्दांना फारसा अर्थ नाही. आयटी आणि बँकांची बरीच ऑफिसं सीबीडी (मध्य शहर), डॉकलँड्स आणि साउथबँकमध्ये आहेत. पण क्लेटन, मलग्रेव्ह, नॉटिंग हिल हा आग्नेयेचा पट्टाही मोठा आहे. मोनॅश विद्यापीठ आणि मोनॅश मेडिकल सेंटर तिथेच. मोठी इस्पितळं पार्कव्हिल, क्लेटन, बॉक्स हिल, सनशाइन अशी विखुरलेली आहेत. गोदामं आणि कारखाने ट्रुगनिना, लॅव्हर्टन नॉर्थ आणि डँडिनाँग साउथला. तेव्हा नोकरी नसेल तर निदान आपल्या क्षेत्राची ऑफिसं कुठे आहेत ते बघा. सीक या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर आपल्या कामाच्या जाहिराती काढा आणि त्यांतले पत्ते नकाशावर टाका. तासाभरात चित्र स्पष्ट होतं.

ट्रेनचं जाळं समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. इथल्या लाइनी मध्य शहरातून चहूकडे फुटतात. एका लाइनीवरच्या सबर्बातून दुसऱ्या लाइनीवरच्या सबर्बात ट्रेननं जायचं तर बहुतेक वेळा शहरात येऊन पुन्हा बाहेर पडावं लागतं. आडवं जोडायला ९०१, ९०२, ९०३ अशा लांब पल्ल्याच्या बसा आहेत, पण त्यांच्या भरवशावर रोजची नोकरी करणं जिवावर येतं. म्हणून नकाशावर दोन सबर्ब पंधरा किलोमीटरवर दिसले तरी फसू नका.

मेट्रो टनेल या शहराखालच्या नव्या रेल्वे बोगद्यामुळे यात मोठा बदल झाला आहे, आणि जुने सल्ले देणाऱ्यांच्या तो अजून अंगवळणी पडलेला नाही. १ फेब्रुवारी २०२६ पासून सनबरी लाइनच्या गाड्या बोगद्यातून थेट क्रॅनबर्न आणि पॅकनमच्या बाजूला जातात. वाटेत आर्डन, पार्कव्हिल, स्टेट लायब्ररी, टाउन हॉल आणि अँझॅक ही नवी स्टेशनं लागतात. म्हणजे फुट्सक्रे किंवा सनशाइनला राहून पार्कव्हिलच्या इस्पितळात काम करणाऱ्याला गाडी बदलावी लागत नाही. तीच गाडी क्लेटनलाही जाते. उलट, या गाड्या आता सिटी लूपमध्ये, म्हणजे मध्य शहराभोवतीच्या जुन्या रेल्वे वळशात, शिरत नाहीत. क्लेटनहून डॉकलँड्सच्या ऑफिसला जाणाऱ्यानं टाउन हॉलला उतरून फ्लिंडर्स स्ट्रीटहून सदर्न क्रॉसची गाडी धरायची किंवा ट्राम घ्यायची. फुकट ट्रामचा पट्टा डॉकलँड्सपर्यंत आहे. प्रवासाच्या हिशेबात ही दहा-पंधरा मिनिटं जमेला धरा.

पश्चिमेबद्दल जरा सविस्तर, कारण आपले बरेच लोक तिथेच उतरतात. टार्नीट आणि विंडहॅम व्हेल ही स्टेशनं २०१५ मध्ये सुरू झाली, पण तिथे शहरातली मेट्रो ट्रेन येत नाही. येते ती वी-लाइनची, जिलाँगकडून येणारी डिझेल गाडी. सुरळीत चालली तर अर्ध्या तासाच्या आसपास सदर्न क्रॉस गाठते, म्हणून डॉकलँड्समध्ये काम असेल तर टार्नीट खरोखर सोयीचं आहे. पण सकाळी जिलाँगकडून आलेली गाडी टार्नीटपर्यंत भरलेली असते आणि एक चुकली तर पुढच्या गाडीची वाट मेट्रोपेक्षा जास्त बघावी लागते. पॉइंट कुकला स्टेशनच नाही, जवळचं विल्यम्स लँडिंग. "स्टेशनपासून पाच मिनिटं" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं ते गाडीनं, तेही रविवारी सकाळी. स्टेशनचं पार्किंग फुकट असलं तरी सकाळी लवकर भरतं. उशिरा जाणाऱ्यानं बसचं वेळापत्रक आधी बघावं. याच बाजूला वेरिबी लाइनीवरचं हॉपर्स क्रॉसिंग जरा जुनं, घरंही जुनी, पण मेट्रो ट्रेन दारात. नव्या माणसासाठी मी ते चकचकीत नव्या एस्टेटच्या वर ठेवीन.

उत्तरेला क्रेगीबर्न लाइन आणि २०१८ मध्ये वाढवलेली मर्न्डा लाइन. त्यांच्या मधल्या वॉलर्टला घरं भराभर उठताहेत, ट्रेन मात्र नाही. विमानतळ टलमरीनला, वायव्येकडे. त्याला ट्रेन नाही, सदर्न क्रॉसहून स्कायबस आहे. कामासाठी सतत विमानप्रवास करणाऱ्यांना उत्तर आणि वायव्य सोयीची. आग्नेयेला क्लेटन, डँडिनाँग, मग बेरिक, क्लाइड नॉर्थ, पॅकनम असं अंतर वाढत जातं. पॅकनमहून शहरात यायला ट्रेननं तासाच्या वर लागतो आणि क्लाइड नॉर्थला आधी गाडी काढून स्टेशन गाठायचं. पूर्वेकडे ग्लेन वेव्हर्ली आणि माउंट वेव्हर्ली शाळांसाठी प्रसिद्ध, भाडं त्या प्रमाणात.

तिकिटात मात्र अंतराची भीती नको. तिकिटाचे झोन १ आणि २ मिळून दिवसाला कमाल आकार ठरलेला आहे. २०२५ मध्ये तो ११ डॉलर होता, आणि मार्च २०२३ च्या अखेरीपासून वी-लाइनलाही तीच कमाल मर्यादा लागू आहे. लांब राहिल्याचा भुर्दंड तिकिटात नसतो, तो स्वतःच्या गाडीत असतो.

तो हिशेब मांडू. समजा टोकाच्या सबर्बात घर आठवड्याला १५० डॉलरनं स्वस्त मिळालं. वर्षाला वाचले ७,८०० डॉलर. आता दुसरी गाडी आली आणि ऑफिस ३० किलोमीटरवर आहे. रोज ६० किलोमीटर, वर्षाला २२० दिवस, म्हणजे १३,२०० किलोमीटर. ऑस्ट्रेलियन टॅक्सेशन ऑफिस २०२४-२५ साठी गाडीचा खर्च किलोमीटरला ८८ सेंट धरतं. त्यात पेट्रोल, विमा, रजिस्ट्रेशन, सर्व्हिसिंग, घसारा सगळं येतं. त्या दरानं ११,६१६ डॉलर होतात, टोल आणि शहरातलं पार्किंग वेगळं. घर ते ऑफिस या रोजच्या प्रवासाची करात वजावटही मिळत नाही. दोघंही नोकरी करणारे असतील तर हे आकडे कागदावर मांडल्याशिवाय "स्वस्त घर" हा शब्द उच्चारू नये. शिवाय भारतीय लायसन्सवर नव्या पीआरवाल्याला (कायम वास्तव्याचा व्हिसा असलेल्याला) व्हिक्टोरिया राज्यात सहाच महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथलं लायसन्स लागतं आणि भारतीय लायसन्सधारकाला त्यासाठी नियमांची, धोके ओळखण्याची आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंगची अशा तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ड्राइव्ह टेस्टमध्ये नापास होणारे कमी नाहीत. अशा वेळी स्टेशनपासून चालत असलेलं घरच तारतं.

शाळेबद्दलचा गैरसमज महागात पडतो. सरकारी शाळेत हक्कानं प्रवेश मिळतो तो पत्ता तिच्या झोनमध्ये, म्हणजे ठरलेल्या हद्दीत, असेल तर. मेलबर्नमध्ये झोन सहसा सरळ रेषेतल्या अंतरावरून ठरतो, म्हणून एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन शाळांच्या असू शकतात. एजंटची जाहिरात "शाळेजवळ" म्हणते, "झोनमध्ये" म्हणत नाही. दोन्हींत फरक आहे. 'फाइंड माय स्कूल' या सरकारी वेबसाइटवर घराचा पूर्ण पत्ता टाका आणि ज्या वर्षी प्रवेश हवा ते वर्ष निवडा, कारण हद्दी बदलतात. शाळा लीजची प्रत आणि बिलं मागते. प्रेपसाठी, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षासाठी, मूल त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत पाच वर्षांचं व्हायला हवं. आणि मूल अजून तीन वर्षांचं असेल तर नामवंत हायस्कूलच्या झोनसाठी आज जास्तीचं भाडं भरण्यात काहीच मतलब नाही. त्या वयात बघायचं ते चाइल्डकेअरची वेटिंग लिस्ट आणि किंडर (बालवाडी). किंडरची नावनोंदणी बऱ्याच ठिकाणी कौन्सिलमार्फत (स्थानिक नगरपालिकेमार्फत) होते, तेव्हा सबर्ब कोणत्या कौन्सिलमध्ये येतो हे माहीत असू द्या.

"आपली माणसं" हा मुद्दा मी हलका मानत नाही. परक्या देशात बाळंतपण, आजारपण, पहिला हिवाळा यात शेजारी मराठी घर असणं फार मोठा आधार असतो. पण कॅरम डाउन्सचं शिवविष्णू मंदिर किंवा रॉकबँकचं दुर्गा मंदिर इथे महिन्या-दोन महिन्यांतून जाणं होतं, ऑफिसला आठवड्यातून तीन ते पाच दिवस. आणि माणसं लाइनीवरही सापडतात. टार्नीटच्या मित्राजवळ राहायचं तर टार्नीटमध्येच राहायला हवं असं नाही. सनशाइन किंवा फुट्सक्रेहूनही त्याच्याकडे वी-लाइननं जाता येतं.

म्हणून माझं मत असं: पहिले तीन-चार आठवडे तात्पुरत्या जागेत राहा आणि ती जागा अनेक लाइनी मिळतात अशा स्टेशनजवळ घ्या. फुट्सक्रे उत्तम, पूर्वेकडे कॉलफील्ड. तिथून दोन-तीन सबर्ब निवडा आणि मंगळवार-बुधवारी सकाळी पावणेआठला तिथल्या स्टेशनवर उभे राहा. संध्याकाळी साडेपाचला शहरातून परत या आणि रात्री नऊला स्टेशनपासून त्या गल्लीपर्यंत चालून बघा. दिवे आहेत का, फुटपाथ आहे का, बस किती वाजता बंद होते, हे घराच्या फोटोत दिसत नाही. शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे ट्रेनऐवजी बसा सोडतात, तेही वेळापत्रकात तपासा.

घर बघताना भारतातली सवय मोडावी लागते. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. बसायची खोली उत्तरेला असेल तर जुलैतही ऊन आत येतं. दक्षिणेची खोली हिवाळाभर गारठलेली राहते आणि भिंतींवर बुरशी येते. घराच्या आराखड्यावर उत्तरेचा बाण असतो, तो आधी शोधा. मुख्य बसायच्या खोलीत पक्का बसवलेला हीटर देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. इन्स्पेक्शनला तो चालू करून दाखवायला सांगा. कपाटांच्या मागच्या भिंती आणि बाथरूमचं छत बघा. पत्ता एनबीएन या देशभरच्या इंटरनेट जाळ्याच्या वेबसाइटवर टाकून इंटरनेटची फायबर लाइन घरापर्यंत आहे की तांब्याची तार आहे तेही पाहा. घरून काम करणाऱ्याला याचा फार फरक पडतो.

भाडं आठवड्याचं सांगतात. त्याला चारनं गुणू नका. ५२ नं गुणून १२ नं भागा. ५५० डॉलर आठवड्याला म्हणजे महिन्याला सुमारे २,३८३, २,२०० नाही. आठवड्याला ९०० डॉलरपर्यंत भाडं असलेल्या घराला बॉन्ड (अनामत) एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि तो मालकाकडे न राहता सरकारी बॉन्ड ऑथॉरिटीकडे जमा होतो. "सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ करा, घर लगेच मिळेल" हा सल्ला आता टाकून द्या. २५ नोव्हेंबर २०२५ पासून जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम स्वीकारायलाही बंदी आहे. भाड्याचा इतिहास नसलेल्याचा अर्ज उजवा ठरतो तो कागदांमुळे: पासपोर्ट, व्हिसाचं पत्र, नोकरीचं ऑफर लेटर, बँक स्टेटमेंट, भारतातल्या घरमालकाचं इंग्रजी पत्र आणि घरात कोण कोण राहणार याबद्दल चार ओळी. हे सगळं इन्स्पेक्शनच्या आधीच तयार ठेवा, म्हणजे त्याच दुपारी अर्ज जातो.

पहिल्या वर्षात घर विकत घेऊ नका. नव्या घरावरचं दहा हजार डॉलरचं अनुदान डोळ्यांसमोर नाचवलं जातं, पण ते घर बहुधा अशा एस्टेटमध्ये असतं जिथे स्टेशन कागदावर आहे आणि शाळा बांधायची आहे. टेम्पररी व्हिसावर तर १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत जुनं घर घ्यायला सहसा परवानगीच नाही.

लीजची मुदत ठरवताना एक गोष्ट मागून घ्या. शाळेचं वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं आणि डिसेंबरमध्ये संपतं. मूल शाळेत असेल तर लीज बारा महिन्यांचीच हवी असा हट्ट न धरता ती डिसेंबरच्या मध्याला संपेल अशी दहा, तेरा किंवा चौदा महिन्यांची मागा; बरेच मालक तयार होतात. मुदत संपताना घर सोडायचं असेल तर २८ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला. तोवर नोकरी कुठे स्थिरावली हे कळलेलं असतं, आणि फेब्रुवारीत विद्यापीठं उघडण्याआधीची भाड्याच्या घरांची गर्दी सुरू व्हायच्या आत दुसरं घर शोधता येतं.