झेडपी शाळेचे लाखो रुपये गुरुजी खातात म्हणे!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "सरकार झेडपी शाळेला लाखो रुपये देतं तरी लाईट नाही, संडास घाण, शिपाई झोपा काढतो, गुरुजी पैसे खातात, त्यापेक्षा सगळ्या शाळांचा एकच ठेका मोठ्या कंपनीला द्या, शाळा चकाचक होतील." पुढे ढकलणाऱ्यांतल्या बहुतेकांची पोरं इंग्लिश मीडियमला आहेत, असो. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, एकेक मुद्दा घेतो.

लाखो रुपये. पगार सोडला तर शाळेला वरखर्चाला मिळतं ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान, आणि ते पटावर म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. एक लाख मिळायला पट हजाराच्या वर लागतो, खेड्यात अशी प्राथमिक शाळा दाखवा मला. 10 हजार म्हणजे महिन्याला साडेआठशे पण नाहीत आणि त्यातच खडू, रजिस्टर, नळाची तोटी, फळ्याचा रंग, लाईट बिल, वर किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे. बरं हे पैसे आता खात्यात पडून नसतात, खातं झिरो बॅलन्सचं, पीएफएमएसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पैसे-प्रणालीवर, खर्चाची लिमिट येते, ती पण बऱ्याचदा मार्च तोंडावर आला की. तोवर तोटी गळली तर मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून बसवतात. खाणारे कुठेच नाहीत असं मी म्हणत नाही, पण समितीत कायद्याने 75 टक्के पालक असतात, अध्यक्षही पालकच, कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, मागा की! मिटिंगला कोण येत नाही ते मी बघतोय.

शिपाई झोपा काढतो म्हणे. अहो, झेडपीच्या प्राथमिक शाळेला शिपायाचं पदच मंजूर नसतं. कुलूप गुरुजी उघडतात, झाडू गुरुजी नाहीतर पोरं मारतात. संडास धुवायला माणूस ठेवायचा तर पैसे त्याच वरच्या साडेआठशेतून.

लाईट. वीज नियामक आयोगाने सरकारी शाळांना सार्वजनिक सेवा असा वेगळा गट दिलाय, पण वेगळा म्हणजे फुकट नाही. मे महिन्यात शाळा बंद, पंखे बंद, तरी स्थिर आकार लागतोच. बिल थकलं की वायरमन येऊन कनेक्शन कापतो आणि लोक म्हणतात गुरुजींनी कापलं.

आता खरी मेख इथे आहे. मेसेजवाल्याला वाटतं शाळेचा मालक एक आहे. तसं नाहीये. शिक्षक झेडपीचे, खोली दुरुस्त करायची तर बांधकाम विभाग आणि जिल्हा नियोजनचा निधी, पोषण आहाराचा तांदूळ एफसीआयचा (भारतीय अन्न महामंडळाचा) आणि इंधन-भाजीपाल्याची तरतूद निराळी, मुलांची तपासणी आरोग्य विभागाच्या पथकाकडे, पाणी आणि हँडवॉश ग्रामपंचायतीकडून करून घ्यायचं. पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीच्या निधीचा 60 टक्के भाग पाणी-स्वच्छतेला बांधून ठेवला होता, त्यातून शाळेचा संडास दुरुस्त करता येत होता, पण त्यासाठी काम ग्रामसभेत आराखड्यात यावं लागतं, आणि तिथे गटार आणि पेव्हर ब्लॉकच आधी येतात. पडकी खोली पाडायची तरी निर्लेखनाची, म्हणजे ती खोली सरकारी नोंदीतून काढायची, फाईल पंचायत समितीतून झेडपीत जाऊन यावी लागते, तोवर पोरं व्हरांड्यात.

शेवटचं, एकच मोठा ठेका. हे करून झालंय हो! 2024-25 ला गणवेशाचं तसंच केलं. आधी समिती गावातल्या टेलरकडून शिवून घ्यायची, दोन ड्रेसला 600 रुपये. मग ठरलं की कापड राज्य पातळीवर एकदम घ्यायचं, एक ड्रेस माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटांकडून शिवून यायचा आणि स्काउट-गाईडचा दुसरा समितीने शिवायचा, शिलाई शंभर-एकशेदहा रुपये, त्या पैशात शर्ट-पँट शिवणारा टेलर कुठल्या तालुक्यात आहे मला माहीत नाही. शाळा जूनमध्ये सुरू झाली, अनेक ठिकाणी पंधरा ऑगस्टला पोरं जुन्या कपड्यात उभी होती, जे आले त्यात कुणाची बाही कोपराच्या खाली तर कुणाची पँट कमरेत बसेना. कारण माप पोरांचं घेतलंच नव्हतं, आकडे वरून ठरले होते. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनेच निर्णय फिरवला आणि गणवेश परत समितीकडे दिला.

मेसेज लिहिणाऱ्याला बहुतेक हे कळवायचं राहून गेलं.